दोन्ही चिन्हांवर शिक्का

आई, डंकाच्या संस्थेची निवडणूक मी लढवली. निवडूनही आले. हे सांगावं असं दुसरं माणूस आता उरलेलं नाही, आणि तुला काही सांगायची मला अजूनही भीती वाटते, म्हणून लिहिते आहे. तू गेल्यापासून तुला एक ओळही लिहिली नव्हती. तू असतानाही लिहिली नव्हती.

संस्था अजून तिथंच आहे, शाहूपुरीतल्या त्याच गल्लीत. पुढं दुकान, मागं पत्र्याच्या शेडमध्ये मिरची कुटायचा डंक. सभासद बायकांना धान्य, डाळी, तेल बाजारापेक्षा थोडं स्वस्त मिळतं, आणि उन्हाळा आला की वर्षाची चटणी कुटून घ्यायला बायका मिरचीची पोती घेऊन शेडमध्ये बसून राहतात. तुझ्या वेळचा पट्टा गेला, मोटर नवी आली. आवाज तोच आहे. लोखंडी मुसळं एकाआड एक वर जातात आणि उखळात पडतात, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत बाईचा हात आत जातो, मिरची खालीवर करतो आणि बाहेर येतो. तू ते न बघता करायचीस, शेजारच्या बाईशी बोलता बोलता. मी शाळेतून येऊन शेडच्या दारात उभी राहायचे आणि तुझा हात आत गेला की माझे डोळे मिटायचे. एकदा तू ते पाहिलंस. म्हणालीस, "डोळं कशाला मिटतीस? तुझा हात हाय व्हय आत?" त्याच हातानं तू मला मारायचीस. संध्याकाळी कितीही धुतला तरी त्यात तिखट उरलेलं असायचं. त्यामुळं तुझी चपराक दोनदा लागायची, एकदा लगेच आणि एकदा थोड्या वेळानं, गालावर घाम आला की.

मी संस्थेची सभासद आहे ती तुझी वारस म्हणून. चटणी तिथंच करून घेते. एरवी माझा संबंध वार्षिक सभेपुरता, आणि सभेशी संबंध शेवटी मिळणाऱ्या स्टीलच्या डब्यापुरता. या सभेलाही मी डब्यासाठीच गेले होते. अध्यक्षीणबाई व्यासपीठावर बसल्या होत्या आणि माईक त्यांच्या नवऱ्याच्या हातात होता. तो संस्थेचा कोणी नाही. संस्था बायकांची आहे. पण कित्येक वर्षं तीच बाई अध्यक्ष आहे आणि तिच्या वतीनं बोलतो तो. त्यानं विषय वाचला. शेडची जागा बिल्डरला विकसित करायला द्यायची, डंक बंद करायचा. त्याचं वाक्य संपायच्या आत मागच्या रांगेतले पुरुष ओरडले, मंजूर, मंजूर. बायकांच्या सभेत पुरुष कुठून आले हे कोणी विचारलं नाही. तुझ्या बरोबरीची एक म्हातारी सभासद, जिला तू सरकार म्हणून चिडवायचीस, ती खुर्चीवर चढून उभी राहिली, कारण खाली ती कोणाला दिसत नव्हती. "नामंजूर," ती म्हणाली. कोणीतरी खुर्चीचा पाय ओढला. पडताना तिनं हात टेकला आणि तिच्या मनगटाचं हाड कातडीच्या आत वाकडं झालेलं मला दिसलं. तोंड उघडलं तिनं, पण मंजूर मंजूर चालूच होतं, काही ऐकू आलं नाही. मी तिला बाहेर आणून रिक्षात बसवलं. ती म्हणाली, "माझा डबा घेतलास का?" मी परत आत गेले आणि दोन डबे उचलले. व्यासपीठावरून तो मला म्हणाला, "मानशी एकच डबा हाय, म्याडम." माईकवरून म्हणाला. सगळे हसले. मी दोन्ही डबे घेऊन आले. त्यानंतर निवडणूक जाहीर झाली आणि मी अर्ज भरला.

लोकांना मी तत्त्वाचं कारण सांगितलं. डंक गेला तर शेडमधल्या बायकांचं काम जाईल, जागा एकदा गेली की परत येत नाही, असं बरंच. ते खोटं नव्हतं. पण अर्ज भरताना माझ्या डोक्यात ते हसणं होतं.

माघारीच्या मुदतीआधी अध्यक्षीणबाईंचा नवरा घरी आला. नवरा वारला, मुलं परगावी, मी एकटी राहते हे त्याला माहीत होतं, म्हणून बरोबर दोघंजण आणले होते. पेढ्यांचा बॉक्स टीपॉयवर ठेवून तो बसला. ते दोघं उभेच राहिले, एक दाराशी, एक माझ्या पुस्तकांच्या कपाटाशी.

"म्याडम, तुमी कॉलेजात शिकवल्याली मानसं. ह्या मिरचीमसाल्यात कशाला पडताय?"

"चटणी मीही खाते," मी म्हणाले.

"खावा की! वर्साची घरपोच करतो. तुमी फकस्त तिखट किती ते सांगा."

"जागा विकायची नाही. तेवढं करा, मी अर्ज मागं घेते."

"इकतंय कोन? इकसित हुतीया जागा." तो हसला. मग कपाटाकडं पाहून म्हणाला, "ए, पुस्तकास्नी हात लावू नगंस. म्याडमची इस्टेट हाय ती." कपाटापाशी उभ्या माणसाच्या हातात एक जाड पुस्तक होतं. त्यानं ते मधोमध उघडलं, दोन्ही हातांनी मागं वाकवलं, कणा मोडल्याचा आवाज येईपर्यंत, आणि नीट मिटून परत जागेवर ठेवलं.

जाताना तो दारात थांबला. "तुमच्या आईनं बी एकदा भरलावता अर्ज. तवा संस्थेचं समदं आमचा म्हातारा बघायचा. तुमची आई शानी बाई. मागं घेतला."

ते मला माहीत होतं. मी तेव्हा सहावी-सातवीत असेन. आमची आई संस्थेची अध्यक्ष होणार असं मी वर्गभर सांगून ठेवलं होतं. ती संध्याकाळ मला अशी दिसते. तू दारातून आत येतेस. अजून उजेड आहे. पदर डोक्यावरून घेतला आहेस आणि उजवा हात पदरात गुंडाळलेला आहे. शेजारच्या बाईनं मला आधीच सांगितलेलं आहे, तरी मी विचारते, अर्ज मागं घेतलास का. तू म्हणतेस, घेतला. मी म्हणते, "भ्यालीस व्हय?" तू चप्पल काढून बाजूला ठेवतेस. मग डाव्या हातानं माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात नेतेस, शेगडीवरचं पातेलं उतरवतेस, निखाऱ्यांवर मूठभर सुक्या मिरच्या टाकतेस आणि माझी मान त्यावर धरतेस. पहिल्या श्वासाला काही होत नाही. दुसऱ्याला छातीत काहीतरी फाटतं. मी लाथा मारते, शेगडी कलंडते, तू पायानं सरळ करतेस आणि परत धरतेस. किती वेळ ते मला माहीत नाही. तू स्वतःही खोकत होतीस आणि तरी सोडत नव्हतीस. मग तूच मला मोरीत बसवून माझे डोळे दुधानं धुतलेस. घरात तेवढंच दूध होतं. ते सगळं तू डाव्या हातानं केलंस. तुझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख काळं होऊन गळालं ते त्याच उन्हाळ्यात. डंकावर लागलं, म्हणालीस, आणि मी ते खरं धरलं. खरंच होतं ते.

पुढं मी शिकायला बाहेर गेले तेव्हा तू एसटीच्या कंडक्टरबरोबर चटणीची बरणी पाठवायचीस. बरोबर चिठ्ठी कधी नसायची. खोलीतल्या मुली बोटानं चाटून खायच्या आणि म्हणायच्या, तुझ्या आईच्या हाताला काय चव आहे गं. मी हो म्हणायचे.

मी माघार घेतली नाही. बाकीच्या जागांवर सगळ्यांनी घेतली, त्याची माणसं बिनविरोध निवडून आली. आमच्या भागाची एकच जागा राहिली, अध्यक्षीणबाई आणि मी. तिचं चिन्ह कपबशी, माझं छत्री. माझ्या स्कूटरची सीट कोणीतरी कापली. मग टायर. एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दगड आला, कुकरवर आदळला आणि काच परातीतल्या पोह्यांत पडली. माझ्या कपाळातून रक्त गळत होतं आणि मी पोहे निवडत बसले होते, काच बाजूला काढता येईल म्हणून. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की असे पोहे टाकून द्यायचे असतात. त्या दिवशी कपाळाला पट्टी लावून मी आणखी दोन गल्ल्या फिरले. पट्टीचा उपयोग झाला. ज्या बायका दारातून परत पाठवायच्या त्यांनी आत घेतलं. एकीनं पट्टी उचलून खाली किती लागलंय तेही बघितलं.

पण सगळं शेडवर अवलंबून होतं. शेडमधल्या बायका आणि त्यांच्या मागच्या वस्तीतल्या जावा-नणंदा, सगळ्या सभासद, सगळ्या एकगठ्ठा. त्या मत कुठं देणार हे आता डंक चालवते ती ठरवते. तिला तू ओळखतेस. मुरगूडहून लग्न होऊन आलेली, तुझ्या हाताखाली कामाला लागलेली पोरगी, तुला आक्का म्हणायची. आता तिचे केस पांढरे आहेत. भुवयांवर मिरचीची धूळ बसलेली असते, त्यामुळं ती कायम रागावल्यासारखी दिसते.

"ताई, च्या घ्या," ती म्हणाली. "पर मताचं काय इचारू नगा."

"का?"

"भंडारा उचललाय."

त्यानं सगळ्या बायकांना देवळात बोलावलं होतं. देवापुढची हळद एकेकीच्या तळहातावर ठेवली आणि कपबशीलाच शिक्का मारीन असं तिच्याकडून वदवून घेतलं. हळद हातावर घेऊन दिलेला शब्द मोडला तर घरात वाईट होतं, हे आपल्याकडं कोणाला सांगावं लागत नाही. मतांसाठी हे गावोगाव चालतं हे मी ऐकून होते. त्यावर वर्गात बोललेही होते.

"बळजबरीनं उचलायला लावला ना पण?" मी म्हणाले.

"मग? हौसंनं कोन उचलतंय?"

"मग तो शब्द धरायचाच कशाला?"

"तुमी लई शिकलाय, ताई. हळदीला काय ठाव, कुनी हातावर ठिवली ते?"

"डंक बंद होईल. तुमचं काम जाईल."

"माझा डंक, आन मला ठाव न्हाय व्हय?" तिचा आवाज चढला. "पोराला पोरगी झालीया आत्ता. तिच्यावर काय आलं तर तुमची छत्री धरनार हाय व्हय वरनं?"

बाकीच्या बायका हसल्या. मला राग आला. मी म्हणाले, "माझी आई भ्याली, तुम्हीही भ्यालात. सगळ्यांचं सारखंच."

तिनं हात वर करून बटण बंद केलं. मुसळं थांबली. शेडमध्ये मिरची झोंबत होती तेवढीच, कोणी शिंकतही नव्हतं.

"कोन भ्यालं?" ती म्हणाली. "हितं या. हितं हुबं ऱ्हावा. मी हितं हुते, ह्या खांबाला. त्याच्या बानं आक्काचा हात धरला आन ह्या उखळात दाबला. मानसाला म्हनला, दाब बटन. त्यानं दाबलं. मुसळ आलं आन बोटाला चाटून गेलं. मग बंद केलं. म्हनला, आता घेतीस का अर्ज मागं? तुमची आई काय म्हनाली ठाव हाय? म्हनाली, आनी एकदा दाब."

मी उखळाकडं बघत होते.

"मग त्यानं आक्काचा हात सोडला आन माझा धरला. हाच. हितंच दाबला. बटन दाबायच्या आदी आक्का म्हनाली, दे हिकडं तो कागद, करते सही." तिनं हात पदराला पुसला. "भ्याली म्हनं."

तिनं परत बटण दाबलं. त्या आवाजात आणखी बोलणं शक्य नव्हतं. मी चहा पिऊन बाहेर पडले. गल्लीच्या तोंडाशी थांबले आणि खोकत राहिले. मिरचीनंच.

मी सगळी वर्षं त्या धुराचा हिशोब असा लावला होता की तू भ्यालीस आणि मी ते बोलले, म्हणून मला शिक्षा झाली. आता तो हिशोब लागत नाही. तुझ्या बोटाचं नख फुटलेलं होतं, एका परक्या पोरीचा हात वाचवून तू घरी आली होतीस, आणि घरात तुझ्या पोरीनं तुला भित्री म्हटलं. यात मला धुरावर धरण्याचं कारण सापडतं का? मी पुष्कळ विचार केला. सापडत नाही, आई. तू तिचा हात वाचवलास. माझे डोळे नाही वाचवलेस.

मतदान शाळेच्या एका वर्गात होतं. मी फाटकाबाहेर, ठरवून दिलेल्या रेषेपलीकडं उभी होते. दुपारच्या आधी डंकावरची ती आली, रांगेत उभी राहिली, मत देऊन बाहेर आली आणि सरळ माझ्याकडं आली. माझा हात हातात घेतला. तिचा तळवा खरखरीत आणि गरम होता.

"ताई, झालं काम," ती हळूच म्हणाली. "दोनीवर मारला."

"कशावर?"

"कपबशीवर बी मारला आन छत्रीवर बी. देवाचं बी राखलं, आक्काचं बी राखलं. रातभर इचार केला तवा सुचलं. समद्या बायकास्नी तसंच सांगितलंय. जेवून येत्यात आता." तिच्या तोंडावर एवढं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं. "बराबर केलं न्हवं?"

एका जागेसाठी दोन चिन्हांवर शिक्का मारला की ती पत्रिका बाद होते. ते मत कोणालाच मिळत नाही. हे तिला त्या क्षणी सांगितलं असतं तर तिनं बायकांना परत एकट्या कपबशीकडं वळवलं असतं, कारण शब्द कपबशीला दिलेला होता. मग मी पडले असते आणि डंक गेला असता. सांगितलं नाही तर तिच्या बायकांची मतं मला मिळणार नव्हती, पण त्यालाही मिळणार नव्हती, आणि बाकीच्या गल्ल्यांत मी पुढं होते. हे सगळं मी तिचा हात हातात असतानाच जुळवलं. फार वेळ लागला नाही.

"बरोबर केलंत," मी म्हणाले.

त्या जेवून आल्या. घोळक्यानं, नवी लुगडी, साड्या नेसून, एकमेकींना कोपरानं ढोसत. रांगेतून माझ्याकडं बघून एकीनं दोन बोटं दाखवली. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मोजणी. निवडणूक अधिकारी एकेक पत्रिका उघडून दोन्ही बाजूंना दाखवत होता. कपबशी. छत्री. छत्री. मग म्हणाला, बाद. थोड्या वेळानं परत, बाद. मग लागोपाठ बाद, बाद, बाद. अध्यक्षीणबाईंचा नवरा माझ्या शेजारी बसला होता. आधी हसला. म्हणाला, "अडाणी बायका." मग त्याचं हसू गेलं आणि तो प्रत्येक बाद पत्रिका हातात मागून घेऊ लागला, त्यावरचे दोन्ही शिक्के बघू लागला. शेवटचा गठ्ठा सुटायच्या आधीच तो उठून गेला. मी थोडक्यात निवडून आले. बाहेर बायकांनी माझ्या केसांत गुलाल कोंबला. हलगीवाला आधीच सांगून ठेवला होता, कोणी ते मला माहीत नाही. तो जो जिंकेल त्याच्यापुढं वाजवणार होता.

आम्ही वाजत गाजत गल्लीत आलो तेव्हा शेडपुढं गर्दी होती. डंकावरची ती बाहेर यायला तयार नव्हती म्हणून त्याच्या त्या दोन माणसांनी तिला केसांना धरून फरफटत बाहेर आणलं होतं. ती जमिनीवर होती. तो उभा होता.

"भंडारा मोडलास! देवापुढं शब्द देऊन मोडलास, भवाने!"

"न्हाय मोडला!" ती खालून ओरडत होती. "मारलाय की शिक्का! कपबशीवर मारलाय! बघा जावा!"

"दोनीवर मारलास!"

"कपबशीवर मारलाय की! छत्रीवर मारू नगं असं कुठं म्हनला हुता?"

त्यानं तिच्या जबड्यावर लाथ घातली. असा आवाज मी आधी ऐकला नव्हता. हलगी वाजतच होती, मागच्यांना पुढं काय चाललंय ते कळलं नव्हतं. त्यानं दुसरी लाथ घातली. तिचं तोंड रक्तानं भरलं होतं आणि तरी ती बोलत होती, शब्द येत नव्हते, नुसता सूर येत होता, मारलाय की, मारलाय की.

शेडच्या दारात पोती तोलायचा काटा होता. मी त्यातलं एक लोखंडी वजन उचललं. दोन्ही हातांनी. त्याची माझ्याकडं पाठ होती. मी ते त्याच्या खांद्यावर घातलं आणि मानेजवळचं हाड मोडलं ते मला तळहातात कळलं, कडक शेंग मोडावी तसं. तो खाली बसला. त्याचं डोकं आता माझ्या कमरेएवढ्या उंचीवर होतं. मी वजन परत उचललं. ते दोघं माझ्याकडं बघत होते आणि पुढं येत नव्हते. बायकांनी मला मागून मिठी घालून धरलं, नाहीतर मी ते त्याच्या डोक्यात घातलं असतं. मी माझ्या आयुष्यात कधी कोणाला चापटही मारलेली नाही, माझ्या मुलांनाही नाही, कारण मी तुझी मुलगी होते आणि तसं ठरवलं होतं. पण तेव्हा मला थांबायचं नव्हतं. मला आतून मोकळं वाटत होतं, श्वास खोल जात होता. मला मारून झाल्यावर तुझाही श्वास असाच खोल जायचा. तेव्हा तुला कसं वाटतं हे मला नेहमी विचारायचं होतं. आता नाही विचारायचं.

पोलिसांत कोणी गेलं नाही. म्याडमनी मारलं असं तोंडानं सांगणं त्याला जमलं नसावं, आणि तिच्या घरच्यांनी मिटवून घेतलं. अध्यक्षीणबाई पडल्यावर निवडून आलेल्या बाकीच्या बायकांत, म्हणजे त्यांच्या नवऱ्यांत, अध्यक्ष कोणी व्हायचं यावरून जुंपली. त्या भांडणात जागेचा ठराव बाजूला पडला. डंक चालू आहे. पहिल्या बैठकीला मला खुर्ची मिळाली, चहा मिळाला, बशीत दोन बिस्किटं मिळाली.

सरकारी दवाखान्यात तिचा जबडा तारांनी बांधला होता. ती दातांच्या फटीतून बोलायची. नळीनं पेज प्यायची. मी रोज जात होते. सून जरा बाहेर गेली की ती मला जवळ बोलवायची आणि एकच विचारायची.

"ताई, मोडला का मी?"

"नाही."

"माझी कपबशी मोजली?"

"मोजली."

"आन छत्री?"

"तीही मोजली."

ती छताकडं बघून विचार करायची. "मग मला का मारलं?"

"हरले म्हणून."

हे तिला पटायचं. हरल्यावर माणसं मारतात हे तिला माहीत होतं. एकदा ती म्हणाली, तारा काढल्या की मला वाडीच्या देवाला घेऊन चला, संगमात अंघोळ करायची हाय, देवानं शब्द राखला. मी घेऊन गेले. गुरुवार नव्हता तरी गर्दी होती. पाण्यात तिनं तीनदा बुडी मारली. काठावर मी तिची साडी आणि चपला धरून उभी होते. नातीच्या नावानं तिनं नारळ ठेवला. परत येताना बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. जबडा अजून एका बाजूला ओढलेला आहे, तो तसाच राहणार.

तू असतीस तर तिला खरं सांगितलं असतंस. नंतर मला मारलं असतंस, म्हातारपणीही. मला ते कळतं. पण खरं कळल्यावर ती काय करील तेही मला कळतं. नातीला साधा ताप आला तरी ती तो स्वतःच्या अंगावर घेईल. म्हणून मी तिला सांगणार नाही, आणि हे पत्रही घरात ठेवता येणार नाही. तिची सून आता चटणी पोचवायला घरी येते आणि टेबलावर दिसेल ते वाचते.

ती परत डंकावर बसते. मी शेडमध्ये गेले की बटण बंद करते, चहा सांगते आणि नव्या बायकांना माझ्याकडं बोट करून म्हणते, "आक्काची लेक. माझ्या मतावर निवडून आलीया." बायका हसतात, मीही हसते. मी ते एकदाही दुरुस्त केलेलं नाही. आणि अलीकडं एखाद्या दिवशी ती तसं म्हणायला विसरली, तर चहा संपला तरी मी उठत नाही.